यमुनेचं पाणी आणि मीनाक्षीबाई

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. शिरूर अनंतपाळहून निघालेल्या आम्ही चोवीसजणी. त्यातल्या बहुतेकींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडं पाणी म्हणजे घरणीचं धरण, नाही तर विहीर आणि हापसा. एवढं पाणी बघून बायका आधी गप्पच झाल्या. मग चपला काढल्या, पदर खोचले, एकमेकींचे हात धरले आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या.

एकीची कॉलेजला जाणारी लेक बरोबर होती. ती टी-शर्ट आणि थ्री-फोर्थ घालून पाण्यात गेली तशी कुजबुज सुरू झाली. थोड्या अंतरावर शहरातलं एक कुटुंब होतं. त्यातली आई पोहण्याच्या पोशाखात लेकरांशी खेळत होती. आमच्या बायका तिच्याकडं बघायच्या, मान फिरवायच्या आणि पुन्हा बघायच्या. खोटं कशाला बोलू, मीही बघत होते.

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि आमची एकजण पडली. पाणी कमरेएवढंही नव्हतं. पण ओली साडी पायात अशी गुंडाळली की तिला उठताच येईना. लाट मागं सरताना तिला ओढू लागली. आम्ही चौघींनी मिळून कसंबसं बाहेर काढलं. बाई पांढरीफटक पडली होती. आणि वाळूवर बसल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल? पदर सारखा केला!

रात्री मुक्कामाला हाच विषय. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकू ऐंशीच्या घरातल्या. त्या हसून म्हणाल्या, की पोरींनो, तुमच्या आज्यांच्या काळात एका मराठी बाईनं सिनेमात पोहण्याचा पोशाख घातला होता, आणि तिचं गाणं ऐकत आम्ही मोठ्या झालो. कुणाचा विश्वासच बसेना. घरी आल्यावर मी त्या बाईंबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यांचं नाव मीनाक्षी शिरोडकर.

मीनाक्षीबाईंचा जन्म 11 ऑक्टोबर 1916 चा, मुंबईतला. माहेरचं नाव रतन पेडणेकर. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेल्या. 1935 मध्ये त्या रेडिओवरच्या नाटकांत काम करू लागल्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1936 मध्ये, डॉक्टर शिरोडकरांशी लग्न झालं. म्हणजे सिनेमात आल्या तेव्हा त्या एका डॉक्टरांच्या घरातल्या सूनबाई होत्या. तो काळ कसा होता बघा. चांगल्या घरातल्या बायकांनी पडद्यावर यायचं म्हणजे सगळ्या नातेवाइकांत चर्चा. 1932 मध्ये दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या, त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. आपण मराठवाड्यातली माणसं तर तेव्हा निजामाच्या राज्यात होतो.

कोल्हापुरात मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी 1936 मध्ये हंस पिक्चर्स काढली होती. या कंपनीचा 'ब्रह्मचारी' हा सिनेमा 1938 मध्ये आला, मराठीत आणि हिंदीतही. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. नायकही तेच. नायिका म्हणून रतन शिरोडकर आल्या आणि पडद्यावर त्यांचं नाव झालं मीनाक्षी. मीनाक्षी म्हणजे माशासारख्या डोळ्यांची. नावातच पाणी आलं म्हणायचं!

गोष्ट अगदी गमतीची आहे. औदुंबर नावाचा एक साधा तरुण. ब्रह्मचर्यावरचं एक भाषण ऐकून तो पेटतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढं त्याला किशोरी भेटते आणि सगळा निश्चय डळमळू लागतो. ही किशोरी म्हणजे मीनाक्षीबाई. पोहण्याच्या पोशाखात, पाण्यात त्या एक गाणं म्हणतात. यमुनेच्या पाण्यात कन्हैयाला खेळायला बोलावणारं गाणं. शब्द अत्र्यांचे, चाल दादा चांदेकरांची आणि आवाज मीनाक्षीबाईंचा स्वतःचाच.

त्या एका गाण्यानं महाराष्ट्रात खळबळ उडाली. जुन्या वळणाच्या लोकांनी नावं ठेवली. आणि त्याच वेळी तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघणारेही खूप निघाले. म्हणजे बघायचंही आणि बघून झाल्यावर बोटही मोडायची. आमच्या बायका समुद्रावर मान फिरवून पुन्हा बघत होत्या ना, तसंच.

मला या गोष्टीत एक गंमत वाटते. सिनेमात अत्र्यांनी टिंगल केली ती औदुंबरची. शपथ घेतली त्यानं, आणि मोडायला आली ती त्याचीच. किशोरी बिचारी आपली पोहत होती, गात होती. पण बाहेर बोल लागला तो बाईला. आपल्या घरांतही हेच चालतं की नाही? नजर कुणाची वाकडी, आणि ओढणी नीट घे म्हणून रागावतो कुणाला?

आणखी एक विचार मनात आला. यमुना, कन्हैया, पाण्यातला खेळ, हे आपल्याला काही नवीन नाही. गावोगावच्या भजनात गौळणी म्हटल्या जातात, गोपींची वस्त्रं पळवणाऱ्या कान्ह्याची गोष्ट आपण देवळात बसून लेकराबाळांसह ऐकतो. पर्वणीला नांदेडला गोदावरीच्या घाटावर बायका चारचौघांत आंघोळ करतात. ओली साडी अंगाला किती चिकटते ते प्रत्येकीला माहीत आहे. खरं सांगायचं तर पोहण्याच्या पोशाखापेक्षा ती फार काही झाकते असंही नाही. पण तिथं कुणी बोट दाखवत नाही, कारण ते स्नान आहे, डोळ्यांना सवय आहे. म्हणजे लाज कापडाच्या लांबीवर ठरत नाही. ती जागेवर, सवयीवर आणि बघणाऱ्याच्या मनावर ठरते.

बाहेरच्या जगातही काही वेगळं नाही बरं का. बिकिनी पहिल्यांदा 1946 मध्ये पॅरिसमध्ये दाखवली गेली, तेव्हा काही देशांनी समुद्रकिनाऱ्यावर तिला बंदी घातली. आणि त्याच फ्रान्समध्ये 2016 च्या उन्हाळ्यात कान आणि इतर काही किनाऱ्यांवरच्या गावांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, म्हणजे बुर्किनीवर, बंदी घातली. पुढं तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं अशा एका गावाची बंदी थांबवली. एकदा कापड कमी म्हणून भांडण, एकदा जास्त म्हणून. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

मीनाक्षीबाई मात्र त्या एका गाण्यावर थांबल्या नाहीत. 1939 मध्ये 'ब्रँडीची बाटली' आणि 'देवता', 1941 मध्ये 'अमृत', असे एकापाठोपाठ एक सिनेमे आले. 1943 मध्ये त्यांनी 'माझे बाळ' केला. लग्नाआधी आई झालेल्या स्त्रीचं दुःख सांगणारा हा सिनेमा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा. त्या काळात हा विषय पोहण्याच्या पोशाखापेक्षाही अवघड होता. पुढं 1950 नंतर त्या रंगभूमीकडं वळल्या. 'मृच्छकटिक', 'मानापमान', 'एकच प्याला' अशा जुन्या मानाच्या नाटकांत त्यांनी कामं केली. लहानपणी शिकलेलं गाणं तिथं कामाला आलं. इतकी वर्षं काम केलं, पण आजही त्यांचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो एकच पोशाख. बाईच्या सगळ्या आयुष्याची मोजदाद एका कापडावर व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांच्या हयातीतच जग मात्र बदलत गेलं. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून आरती साहा आणि मुंबईच्या डॉली नाझीर या मुली पोहल्या. त्याच आरतीनं 1959 मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. 1960 मध्ये सरकारनं तिला पद्मश्री दिली. 1958 मध्ये 'दिल्ली का ठग'मध्ये नूतन पोहण्याच्या पोशाखात दिसली. 1993 मध्ये मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर मिस इंडिया झाली. अशा सौंदर्यस्पर्धांत तेव्हा पोहण्याच्या पोशाखातली फेरी असायचीच. आजीनं ज्यासाठी बोल ऐकले, त्याच पोशाखात नातीनं टाळ्या घेतल्या. मीनाक्षीबाई तेव्हा 76 वर्षांच्या होत्या. 3 जून 1997 ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय आम्हीही तसले कपडे घालायचे का? नाही गं बाई. मी स्वतः घालणार नाही, मला जमणारही नाही. ज्या बाईला साडीत बरं वाटतं तिला कुणी मागासलेली म्हणू नये. पण जी दुसरं काही घालते तिलाही आपण नजरेनं सोलू नये. एवढं तर आपल्या हातात आहे.

आणि याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आपल्याकडं पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. पोरी नऊ-दहा वर्षांच्या झाल्या, की ओले कपडे बरे दिसत नाहीत म्हणून त्यांचं पोहणं बंद. पण पाण्याशी रोजचा संबंध कुणाचा? धुणं धुवायला आपण जातो, पाणी शेंदायला आपण जातो. आता शेताशेतात शेततळी झाली आहेत. त्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येणं कठीण. मग न येणाऱ्या लेकीचं काय? लाजेपायी जीव जायला नको.

आमच्या गटानं आता ठरवलं आहे. पुढच्या सहलीला पाण्यात उतरायचं तर साडी बाजूला ठेवायची. ज्यांना सलवार चालते त्यांनी सलवार, ज्यांना लेगिंग चालते त्यांनी लेगिंग. आणि या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीच्या विहिरीवर मुलींना पोहायला शिकवायचं. पोहणाऱ्या दोन अनुभवी बायका बरोबर, कमरेला दोर, पाठीला डबा आणि काठावर आया. कपडे काय घालायचे ते ज्या मुलीचं तिनं ठरवायचं. पहिलं नाव कुणी दिलं माहीत आहे? गणपतीपुळ्याला लाटेत पडलेल्या त्याच बाईनं, आपल्या दोन्ही लेकींचं.

काकू म्हणाल्या, त्या दिवशी काठावर बसून मी मीनाक्षीबाईंचं गाणं म्हणीन.