विंग चुनचे आचार्य इप मान

दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात फोशान नावाचे एक जुने शहर आहे. मातीची सुबक भांडी, लोखंडाचे ओतकाम आणि व्यापार यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. मुष्टियुद्धाच्या आखाड्यांचीही तेथे मोठी परंपरा होती. याच फोशान शहरात इ. स. १८९३ साली एका सधन कुटुंबात इप मान यांचा जन्म झाला.

इप घराण्याच्या पूर्वजांचे एक स्मृतिमंदिर होते. तेथील जागा चान वा शुन नावाच्या वृद्ध गुरूंनी शिकवणीसाठी भाड्याने घेतली होती. हे गुरू पूर्वी बाजारात नाणी मोडून देण्याचा व्यवसाय करीत असत. ते जी विद्या शिकवीत, तिचे नाव विंग चुन. एका भिक्षुणीने एका तरुण मुलीला स्वसंरक्षणासाठी ही विद्या दिली आणि त्या मुलीच्याच नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली, अशी दंतकथा आहे. या विद्येत अंगबळापेक्षा युक्तीला अधिक मान आहे. एका हाताने शत्रूचा वार थोपवीत असतानाच दुसऱ्या हाताने सर्वांत जवळच्या मार्गाने प्रहार करावयाचा, हे तिचे मुख्य सूत्र होय. इप मान बालपणीच चान गुरूंचे शिष्य झाले. ते त्यांचे अखेरचे शिष्य ठरले.

विंग चुनमध्ये हातापायांच्या क्रमबद्ध हालचालींचे तीन पाठ आहेत. पहिल्या पाठाचे नाव 'लहानशी कल्पना' असे आहे. तो करताना पाऊल जागचे हलवावयाचे नसते. स्थिर उभे राहून केवळ हात चालवावयाचे असतात. दुसऱ्या, म्हणजे मधल्या पाठाला 'पुलाचा शोध' म्हणतात. आपला हात प्रतिस्पर्ध्याच्या हाताला भिडतो, तोच हा पूल. या पाठात अंग वळविणे, पाऊल टाकणे आणि लाथ मारणे यांची हातांशी सांगड घालावी लागते. तिसऱ्या पाठाचे नाव 'झेपावणारी बोटे' असून, संकटात सापडलेल्याने स्वतःस कसे सावरावे, हे त्यात शिकवितात.

या तिन्हींमध्ये मधला टप्पा विशेष कसोटीचा असतो. आरंभीच्या दिवसांतील नवलाई संपलेली असते आणि प्रावीण्य तर अजून दूर असते. एका जागी उभे राहून जे बिनचूक जमत होते, तेच पाऊल टाकताच बिघडू लागते. कित्येक विद्यार्थी येथेच कंटाळून आखाडा सोडतात.

इप मान यांच्या वाट्याला तर हा टप्पा फारच बिकट रीतीने आला. त्यांचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच चान गुरूंचे निधन झाले. तथापि त्यांनी विद्या सोडली नाही. आपले वडील गुरुबंधू ङ चुंग सोक यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास पुढे चालविला.

किशोरवयात ते हाँगकाँगला गेले आणि सेंट स्टीफन्स कॉलेजमध्ये शिकू लागले. आता आपल्याला पुष्कळ येते, असे त्यांना वाटू लागले होते. अशा वेळी एका वयस्क गृहस्थांशी हात करण्याचा प्रसंग आला. इप मान यांचा एकही वार त्यांच्यावर चालला नाही. पुढे कळले, की ते गृहस्थ म्हणजे चान गुरूंचे गुरू वैद्य लियुंग जान यांचे पुत्र लियुंग बिक होत. इप मान यांनी पराभवाचा विषाद मानला नाही. आपण अजून वाटेतच आहोत, हे ओळखून ते त्यांचे शिष्य झाले. ही हकीगत ते पुढे आपल्या शिष्यांना सांगत असत.

नंतर ते फोशानला परतले. इ. स. १९३८ मध्ये जपानी सैन्याने ते शहर व्यापले आणि इप घराण्याची सुस्थिती लयास गेली. इ. स. १९४९ मध्ये इप मान पुन्हा हाँगकाँगला आले, ते रिकाम्या हातांनी. वय छप्पन्न वर्षांचे होते. ज्या विद्येवर पोट भरण्याची गरज पूर्वी कधी पडली नव्हती, तीच आता उपजीविकेचे साधन झाली. इ. स. १९५० मध्ये उपाहारगृहांतील कामगारांच्या संघटनेच्या जागेत त्यांनी शिकवण्यास प्रारंभ केला.

आज अनेक संस्थांत प्रगतीच्या पायऱ्या दाखविणारे रंगीत पट्टे देतात. इप मान यांच्या आखाड्यात तसे काही नव्हते. तेथे दोन विद्यार्थी समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या हातांना हात टेकवीत आणि केवळ स्पर्शावरून दुसऱ्याचे बळ कोणत्या दिशेने येते, हे ओळखण्याचा सराव करीत. कोण कोठवर पोहोचला, हे त्या हातांवरूनच गुरूंना समजे. सरावासाठी लाकडी पुतळाही असे. फोशानमध्ये असे पुतळे जमिनीत पुरीत; हाँगकाँगच्या माडीवरील खोल्यांत ते शक्य नव्हते, म्हणून इप मान यांनी तो लाकडी पट्ट्यांच्या आधाराने भिंतीपाशी बसविला.

पुढे जगप्रसिद्ध झालेला नट ब्रूस ली किशोरवयात त्यांच्याकडे शिकला. इ. स. १९५९ मध्ये तो अमेरिकेस गेला, तेव्हा त्याचेही शिक्षण अर्धेच झाले होते. परंतु त्याने अभ्यास थांबविला नाही आणि पुढे स्वतःची निराळी पद्धती निर्माण केली.

इ. स. १९७२ मध्ये इप मान असाध्य रोगाने क्षीण झाले होते. आपल्यामागे ही विद्या शुद्ध स्वरूपात राहावी, म्हणून त्या स्थितीतही त्यांनी चित्रफितीसाठी स्वतः काही पाठ करून दाखविले. त्यांत लाकडी पुतळ्यावरील कठीण पाठ होता, मधला पाठ होता आणि नवशिक्याला प्रथम देतात, तो पहिला पाठही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ डिसेंबर १९७२ रोजी, हाँगकाँग येथे त्यांचे देहावसान झाले.

आज जगातील अनेक देशांत मुले-मुली विंग चुन शिकतात. एकोणऐंशी वर्षांच्या त्या कृश वृद्ध आचार्यांचे हात त्या चित्रफितीत पहिला पाठ सावकाश गिरविताना त्यांना आजही पाहावयास मिळतात.