अदृश्य धाग्याचे कथाकार : जॉर्ज मॅक्डोनल्ड

अद्भुत कथा लिहिणें म्हणजे मनास येईल तें लिहिणें, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती चुकीचा आहे, हें जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्यांच्या चरित्रावरून व ग्रंथांवरून आमच्या ध्यानांत आलें. म्हणून त्यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

मॅक्डोनल्ड ह्यांचा जन्म १० डिसेंबर १८२४ रोजीं स्कॉटलंडमधील हंटली गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. आठव्या वर्षीं त्यांस मातृवियोग घडला. १८४५ सालीं अ‍ॅबर्डीन येथें त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली, व १८५० सालीं ते इंग्लंडांतील अरंडेल येथील मंडळीचे पाळक झाले. परमेश्वराची प्रीति निवडक लोकांपुरती नसून सर्वांसाठीं आहे, असें ते शिकवीत. मंडळींतील कांहीं वजनदार गृहस्थांस तें रुचलें नाहीं. त्यांनीं पाळकांचें वेतन कमी केलें. घरीं पत्नी व लहान मूल असतांही मॅक्डोनल्डांनीं मत बदललें नाहीं. १८५३ सालीं त्यांनीं तें पदच सोडिलें. पुढें व्याख्यानें व लेखन ह्यांवर त्यांनीं अकरा मुलांचा संसार चालविला. दारिद्र्य व फुप्फुसांचा विकार हे त्यांचे जन्माचे सोबती झाले.

१८७२ सालीं त्यांची राजकन्या व गॉब्लिन ह्यांची कादंबरी पुस्तकरूपानें निघाली. गॉब्लिन म्हणजे जमिनीखालीं राहणारे कुरूप व खोडसाळ जीव. डोंगरावर एक वाडा आहे. तेथें राजकन्या आयरीन राहते. वाड्याच्या माथ्यावर, जेथें सहसा कोणी जात नाहीं, तेथें तिची फार वृद्ध खापरपणजी सूत कातीत बसते. डोंगराच्या पोटांत खाणी आहेत, व त्यांच्या पलीकडे गॉब्लिनांची वस्ती. राजघराण्यावर त्यांचा जुना दंश आहे. वाडा खाणींच्या वर आहे, म्हणूनच शत्रूस जमिनीखालून त्यांत शिरतां येतें. खाणकाम्याचा मुलगा कर्डी आईस उबदार वस्त्र घेतां यावें म्हणून रात्रीं जादा काम करतो, म्हणूनच शत्रूचा कट त्याच्या कानीं पडतो. आयरीन आजीनें दिलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या धाग्यावर विश्वास ठेवून अंधारांत शिरते, म्हणूनच कोंडलेला कर्डी सुटतो. परंतु कर्डी पाहिल्याशिवाय मानणारा नव्हे. आयरीन त्यास आजीकडे नेते, तेव्हां त्यास ओकी माडीच दिसते, व आपली थट्टा झाली असें वाटून तो रागानें निघून जातो. ह्यांतील स्थळ किंवा स्वभाव ह्यांपैकीं एक बदला, कीं सारें कथानक कोसळेल.

आयरीनला दुःख होतें. पण धीर धरावा, दुसऱ्यास समजण्यास वेळ द्यावा, असें आजी तिला शिकविते. शेवटीं तोच धागा कर्डीच्याही हातीं लागतो. अरंडेलच्या अनुभवाची छाया आम्हांस येथें दिसते. ज्यांनीं आपल्याला नाकारिलें त्यांच्याविषयीं कटुता न ठेवतां, त्यांसही एक दिवस धागा सांपडेल, अशी आशा ह्या लेखकानें जतन केली.

१८ सप्टेंबर १९०५ रोजीं ते निवर्तले. त्यांचें ‘फँटॅस्टीस’ हें १८५८ सालचें पुस्तक १९१६ सालीं सी. एस. लुईस ह्या तरुणाच्या हातीं आलें, आणि नार्नियाच्या ह्या भावी कर्त्यानें त्यांस आपले गुरु मानिलें.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अद्भुत कथा अवश्य लिहाव्या; मात्र लेखणी उचलण्यापूर्वीं आपला वाडा कोठें आहे, व त्यांतील माणूस कशावर विश्वास ठेवतो, हें आधीं ठरवावें. आणि मूल न दिसणाऱ्या धाग्याची गोष्ट सांगूं लागलें, तर पालकांनीं तें हंसण्यावारी नेऊं नये.