हरपलेल्या संवेदनांना आसरा देणारे डॉ. वॉन्लेस

मिरजेला वैद्यकीय नगरी ही ओळख मिळवून देणारे शल्यविशारद डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. त्यांनी पहिला दवाखाना सांगलीत काढला. सांगली आणि मिरज ही त्या वेळी पटवर्धनांची स्वतंत्र संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये हा मुलूख दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले.

काही वर्षांतच डॉ. वॉन्लेस मिरजेस गेले. फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेमार्गावर असल्याने सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून रुग्ण येऊ लागले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी डॉक्टरांचा लौकिक दूरवर पसरला. १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा सुरू केली.

परंतु शस्त्रक्रियेने बरे न होणारे रुग्णही दारात येत. त्यांत कुष्ठरुग्ण होते. समाज या रोगाला पूर्वजन्मीचे पाप मानी आणि रुग्णास गावाबाहेर काढी. प्रत्यक्षात हा जंतूंमुळे होणारा आणि प्रामुख्याने त्वचा व मज्जातंतू यांना ग्रासणारा रोग आहे. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी त्याचे जंतू १८७३ मध्येच शोधले होते.

मानवी मज्जासंस्थेचे दोन मुख्य भाग आहेत. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था बनते. कवटी आणि पाठीचा कणा तिचे रक्षण करतात. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या शरीरभर पसरतात; ही परिघीय मज्जासंस्था होय. तिच्यातील संवेदी तंतू स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता आत नेतात, तर प्रेरक तंतू स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचवतात. कुष्ठरोगाचे जंतू मेंदू आणि मज्जारज्जू यांना सोडून परिघीय मज्जातंतूंवरच घाला घालतात. शरीराचे तुलनेने थंड भाग त्यांना मानवतात, त्यामुळे त्वचेजवळून जाणारे तंतू आधी सापडतात.

कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तेथून जाणारा मज्जातंतू या रोगात निकामी झाला, तर करंगळी व अनामिका बधिर होऊन वाकतात. गुडघ्यालगतचा तंतू गेला तर पाऊल उचलत नाही. चेहऱ्याचा गेला तर पापणी मिटत नाही आणि डोळा धोक्यात येतो. बोटे मात्र आपोआप झडत नाहीत. चुलीचा चटका किंवा विळ्याचा घाव जाणवतच नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. वेदना हे शरीराचे संरक्षण आहे, हे ती हरपल्यावरच उमगते.

त्या काळी चालमोगऱ्याच्या तेलापलीकडे फारसा इलाज नव्हता. तरीही शतक बदलण्याच्या सुमारास मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे करण्यात डॉ. वॉन्लेस यांनी पुढाकार घेतला. बरे करणे हाती नसताना निवारा व शुश्रूषा देणे हे शस्त्रक्रियांतील यशाने नावाजलेल्या सर्जनासाठी सोपे नव्हते. पुढे क्षयरुग्णांसाठीही त्यांनी आरोग्यधाम उभारले. वॉन्लेसवाडी हे नाव त्याचीच आठवण आहे.

१९२८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच सुमारास निवृत्त होऊन ते अमेरिकेस गेले आणि ३ मार्च १९३३ रोजी त्यांचे निधन झाले. कुष्ठरोगावरील प्रभावी औषध त्यांना पाहता आले नाही. डॅप्सोन १९४० च्या दशकात आले. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या रोगातील मज्जातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामास लावली. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली.

आज हा रोग पूर्ण बरा होतो. मात्र मृत झालेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. म्हणूनच त्वचेवरील बधिर चट्टा लपवण्याऐवजी वेळीच डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे ठरते. मिरजेच्या आश्रयस्थानात आलेल्यांना ही संधी मिळाली नव्हती.