रत्नपारखी अल्बेरूनी

मध्य आशियात आमू दर्या नावाची मोठी नदी आहे. या नदीकाठच्या सुपीक प्रदेशाला पूर्वी ख्वारिज्म म्हणत. आज त्याचा बराचसा भाग उझबेकिस्तान या देशात येतो. याच प्रदेशातील काथ या नगराजवळ ४ सप्टेंबर ९७३ रोजी एका थोर विद्वानाचा जन्म झाला. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद. नगराच्या तटबंदीबाहेरील वस्तीत जन्मल्यामुळे लोक त्यांना बेरूनी म्हणू लागले. 'बेरून' या फारसी शब्दाचा अर्थ 'बाहेर' असा आहे. उर्दूमुळे हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच. पुढे सारे जग त्यांना अल्बेरूनी या नावाने ओळखू लागले.

लहानपणापासूनच अल्बेरूनी यांना ज्ञानाची ओढ होती. अबू नस्र मन्सूर हे राजघराण्यातील नामवंत गणितज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. त्यांच्याकडे अल्बेरूनी गणित आणि खगोलशास्त्र शिकले. ९९७ सालच्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. त्या वेळी अल्बेरूनी यांनी बगदादच्या अबुल वफा या विद्वानाशी आधीच ठरवून ठेवले होते. एकाने बगदादहून आणि दुसऱ्याने काथहून एकच ग्रहण पाहिले व त्याची वेळ नोंदवली. दोन वेळांमधील फरकावरून त्यांनी दोन्ही नगरांच्या रेखांशांतील फरक काढला. तेव्हा अल्बेरूनी अवघ्या तेवीस वर्षांचे होते.

परंतु त्यांचे तारुण्य सुखात गेले नाही. ख्वारिज्ममध्ये सत्तेसाठी लढाया सुरू झाल्या आणि त्यांना घर सोडावे लागले. ते रै या शहरात आले, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. तेथील एका ज्योतिषाशी शास्त्रातील एका मुद्द्यावर त्यांचा मतभेद झाला. त्या ज्योतिषाने त्यांचे म्हणणे नीट ऐकूनही घेतले नाही. एका गरीब माणसाचे मत काय ऐकायचे, असे त्याला वाटले. पुढे अल्बेरूनी यांची परिस्थिती सुधारली, तेव्हा तोच ज्योतिषी त्यांच्याशी गोड बोलू लागला. माणूस तोच होता, त्याचे ज्ञानही तेच होते. बदलले होते ते फक्त वरचे रूप. ही गोष्ट अल्बेरूनी यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. वरचे रूप पाहून किंमत ठरवू नये, हा धडा त्यांना असा लहान वयातच मिळाला. पुढे दगड आणि रत्ने यांचा अभ्यास करताना त्यांनी हाच नियम पाळला.

१०१७ साली गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले. तेथील अनेक विद्वानांना तो आपल्याबरोबर गझनीला घेऊन गेला. त्यात अल्बेरूनीही होते. मायभूमी सुटली, जुने आश्रयदाते गेले. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. गझनीचे राज्य पंजाबपर्यंत पसरले, तेव्हा त्यांना हिंदुस्थान पाहण्याची संधी मिळाली. वयाची चाळिशी उलटली असूनही ते संस्कृत शिकू लागले. येथील पंडितांजवळ बसून त्यांनी गणित, ज्योतिष, धर्म आणि चालीरीती समजून घेतल्या. १०३० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हिंद' हा प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. ते दक्षिणेकडे आले नव्हते. तरीही मिळालेल्या माहितीवरून त्यांनी या ग्रंथात महाराष्ट्र देशाचे आणि समुद्रकाठच्या ठाणे नगराचे नाव लिहिले आहे.

हिंदुस्थानात फिरताना त्यांची नजर जमिनीवरच्या दगडगोट्यांकडेही जाई. डोंगराजवळ नदीतील दगड मोठे असतात. जसजसे दूर जावे तसतसे ते लहान व गोल होत जातात. समुद्राजवळ तर फक्त वाळू उरते. यावरून अल्बेरूनी यांनी तर्क केला, की उत्तर हिंदुस्थानचे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरून आले असावे. ज्या दगडांवर लोक पाय देऊन पुढे जात, त्या दगडांना ते प्रश्न विचारत होते.

उतारवयात, सुलतान मौदूदच्या काळात, अल्बेरूनी यांनी रत्ने आणि धातू यांच्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'किताबुल जमाहिर'. त्या काळी राजे, सरदार आणि व्यापारी रत्नांसाठी अमाप पैसा मोजत. परंतु खरे रत्न ओळखावे कसे, हा मोठा प्रश्न होता. बहुतेक लोक रंगावर विश्वास ठेवत आणि तेथेच फसत. बदख्शानचा 'लाल' आणि याकूत म्हणजे माणिक, दोन्ही दगड तांबडे. दोन्ही चकाकणारे. पण याकूताची किंमत फार जास्त. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक कसा कळणार?

अल्बेरूनी यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी शंकूच्या आकाराचे एक भांडे तयार केले. त्याच्या मानेजवळ एक बारीक, खाली वळलेली नळी बसवली. भांड्यात नळीपर्यंत काठोकाठ पाणी भरायचे. मग त्यात दगड सोडायचा. दगड जितकी जागा व्यापतो, तितके पाणी नळीवाटे बाहेर पडते. हे पाणी तराजूच्या पारड्यात गोळा करून तोलायचे. दगडाच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनाने भागले, की दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते कळते. आज आपण यालाच विशिष्ट गुरुत्व म्हणतो.

एक उदाहरण घेऊ. ३६ ग्रॅम वजनाचा 'लाल' पाण्यात टाकला, तर सुमारे १० ग्रॅम पाणी बाहेर येते. तेवढ्याच वजनाचे माणिक टाकले, तर सुमारे ९ ग्रॅमच पाणी बाहेर येते. म्हणजे 'लाल'चे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.६ आणि माणकाचे सुमारे ४. रंग फसवतो, पण वजन फसवत नाही. अल्बेरूनी यांनी निळ्या याकूताला म्हणजे नीलमला प्रमाण मानले आणि पाचू, मोती, लाजवर्द, अकीक, बिल्लोर अशा अनेक वस्तूंची त्याच्याशी तुलना केली. त्यांनी काढलेली पाचूची किंमत आजच्या प्रयोगशाळेतील किमतीच्या अगदी जवळ आहे. हजार वर्षांपूर्वी साधे भांडे आणि तराजू वापरून त्यांनी हे काम केले, हे लक्षात घेतले म्हणजे नवल वाटते.

वजनाबरोबर ते दगडाचा कठीणपणाही पाहत. याकूत इतर रत्नांवर ओरखडा काढतो, पण हिरा याकूतावर ओरखडा काढतो, हे त्यांनी नोंदवले. पुढे १८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने कठीणपणाचे दहा क्रमांक ठरवले. त्यात हिरा दहावा, याकूत नववा आणि बिल्लोर सातवा आहे.

आता पाचूची गोष्ट ऐका. पाचूला उर्दूत जमुर्रुद म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. त्या काळी लोकांची अशी समजूत होती, की सापाने पाचूकडे पाहिले तर तो आंधळा होतो. ही गोष्ट अनेक पुस्तकांत लिहिलेली होती आणि मोठमोठी माणसेही ती खरी मानत. अल्बेरूनी यांनी ती तपासायचे ठरवले. त्यांनी सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली. त्याच्या टोपलीत पाचू पसरले. त्याच्या डोळ्यांसमोर पाचूंची माळ हलवून पाहिली. हा प्रयोग एक-दोन दिवस नव्हे, तर उन्हाळ्यात आणि थंडीत मिळून सुमारे नऊ महिने चालला. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. उलट त्याची नजर थोडी तीक्ष्णच झाली असेल, असे त्यांनी गमतीने लिहिले. पुस्तकात लिहिलेली गोष्टही तपासून घ्यावी, हे त्यांनी असे करून दाखवले.

बिल्लोर म्हणजे स्फटिक. हा दगड पाण्यासारखा स्वच्छ असतो. तो म्हणजे कायमचे गोठलेले बर्फ आहे, असे पूर्वी अनेकांना वाटे. काही स्फटिकांच्या आत गवताच्या काड्यांसारखे काही दिसते. ते पाहून अल्बेरूनी यांनी तर्क केला, की स्फटिक एके काळी द्रवरूप असला पाहिजे. नाहीतर या वस्तू आत कशा अडकल्या? स्फटिकातील अशा काड्या बहुधा दुसऱ्या खनिजांच्या सुया असतात, हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही त्यांचा तर्क बराच बरोबर होता. सिलिका विरघळलेल्या गरम पाण्यातून स्फटिक हळूहळू तयार होतो.

बिल्लोर, अकीक, पाचू आणि लाजवर्द यांचे रंग निराळे आहेत. पण या सर्वांत सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही दोन मूलद्रव्ये असतात. अशा खनिजांना सिलिकेट खनिजे म्हणतात. बिल्लोरमध्ये याच दोन मूलद्रव्यांची सिलिका असते. अकीकही सिलिकाच, लोहामुळे त्याला तांबडा रंग येतो. पाचूला हिरवा रंग मुख्यतः क्रोमियममुळे येतो. पृथ्वीच्या कवचाचा सुमारे नव्वद टक्के भाग अशा खनिजांचा बनलेला आहे.

मुलांनो, ही खनिजे पाहण्यासाठी बदख्शानला जावे लागत नाही. आपले सोलापूर ज्या काळ्या दगडावर वसले आहे, तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हापासून तयार झाला. फेल्स्पार आणि पायरॉक्सीन ही त्यातील मुख्य खनिजे, आणि दोन्ही सिलिकेट आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूंमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत बिल्लोर, अकीक आणि झिओलाइट ही खनिजे तयार झाली. शेतात सापडणारी पांढरी गारगोटी ही बिल्लोरचीच बहीण आहे. गारगोटीने काचेच्या तुकड्यावर रेघ ओढली, तर काचेवर ओरखडा उठतो. संगमरवराच्या तुकड्याने तसा ओरखडा उठत नाही. दोन्ही दगड पांढरे असले, तरी परीक्षेत त्यांचा फरक कळतो.

अल्बेरूनी यांच्याच काळात कैरो येथे इब्न अल्हैसम हे विद्वान प्रकाशाचा अभ्यास करत होते. आज दगडांच्या परीक्षेत वजनाच्या जोडीला प्रकाशही आला आहे. प्रकाशाचा किरण दगडात शिरताना वाकतो. प्रत्येक खनिजात तो ठरावीक प्रमाणात वाकतो. बिल्लोर आणि पाचू यांच्यात तर एका किरणाचे दोन किरण होतात. साध्या काचेत तसे होत नाही. म्हणून हिरवी काच पाचू म्हणून विकणारा आज यंत्रापुढे टिकत नाही. भूवैज्ञानिक बेसाल्टचा तुकडा घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. मग तो काळा दगडही पारदर्शक होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील खनिजे रंगीबेरंगी दिसू लागतात. अल्बेरूनी यांच्याजवळ ही साधने नव्हती. परंतु तपासल्याशिवाय मानायचे नाही, हा त्यांचा मार्ग आणि आजच्या प्रयोगशाळेचा मार्ग एकच आहे.

अल्बेरूनी यांनी शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले. सांगतात, की सुलतान मसऊदने एका ग्रंथाबद्दल त्यांना हत्तीवर लादून चांदीची नाणी पाठवली, पण त्यांनी ती परत केली. ज्यांनी जगातील मौल्यवान रत्ने हाताळली आणि तोलली, त्यांना स्वतःसाठी संपत्तीचा मोह नव्हता.

१०५० च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसाची एक आठवण सांगितली जाते. ते मरणशय्येवर असताना एक विद्वान मित्र त्यांना भेटायला आला. अल्बेरूनी यांना श्वास घेणेही कठीण झाले होते. तरीही त्यांनी त्या मित्राला वारसाहक्काच्या हिशोबाबद्दल पूर्वी निघालेला एक प्रश्न विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, असे मित्राला वाटले. तेव्हा ते न समजता जग सोडण्यापेक्षा समजून घेऊन जाणे चांगले, असे अल्बेरूनी यांनी त्याला सांगितले. मित्राने उत्तर समजावून दिले आणि ते त्यांनी लक्षात ठेवले. मित्र घराबाहेर पडून रस्त्याला लागला, तोच त्याच्या कानांवर आतून रडण्याचा आवाज आला.

अल्बेरूनी यांनी दगडाला रंगावरून आणि गोष्टीला प्रसिद्धीवरून खरे मानले नाही. त्यांनी दगड तराजूत तोलला आणि ऐकलेली गोष्ट अनुभवावर पारखली. म्हणूनच हजार वर्षे लोटली, तरी या रत्नपारख्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.