लाफकॅडिओ हर्न : दोन भाषांमधला दुवा

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या प्रचंड लाटांनी तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारचे किनारे उद्ध्वस्त केले. तेव्हापासून ‘त्सुनामी’ हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला. हा शब्द मूळचा जपानी. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. किमोनो, ज्युडो, हायकू या शब्दांप्रमाणे तोही जपानीतून इंग्रजीत गेला. इंग्रजी वाचकांना या शब्दाची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत लाफकॅडिओ हर्न यांचे नाव अग्रभागी आहे.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी आयोनियन समुद्रातील लेफ्काडा बेटावर झाला. त्या बेटावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. आई ग्रीक, तर वडील ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यचिकित्सक होते. आईवडील विभक्त झाले, आई मायदेशी परतली आणि बालवयातच पोरके झालेल्या हर्न यांचा सांभाळ डब्लिनमध्ये वडिलांच्या मावशीने केला. सोळाव्या वर्षी शाळेत झालेल्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. पुढे मावशीचीही संपत्ती बुडाली.

एकोणिसाव्या वर्षी ते अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात आले, तेव्हा खिशात पैसा नव्हता. एका दयाळू मुद्रकाने त्यांना छापखान्यात आसरा दिला. चिकाटीने लिहीत ते वार्ताहर झाले. १८७४ साली त्यांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह केला. त्या राज्यात असा विवाह कायद्याला मान्य नव्हता. यामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली, आणि तो संसारही फार काळ टिकला नाही.

१८९० साली हर्न जपानला गेले आणि मात्सुए या गावी इंग्रजीचे शिक्षक झाले. तेथे कोइझुमी सेत्सु यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९६ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व पत्करून कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. त्याच वर्षी ते तोक्यो येथील विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागले.

हर्न यांना जपानी ग्रंथ सहजपणे वाचता येत नसत. सेत्सु जुन्या कथा शोधून वाचत आणि साध्या, मोडक्या जपानीत त्या पतीला सांगत. या घरगुती भाषेतून ऐकलेल्या कथा हर्न इंग्रजीत लिहीत. त्यांच्या लेखनातील जपानी शब्द वाचकाला अडखळवतील, असा आक्षेप घेतला जाई. हर्न यांना तो मान्य नव्हता. आपले मित्र व जपानीचे अभ्यासक चेंबरलेन यांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी आपली बाजू मांडली. प्रत्येक शब्दाला स्वतःचा रंग आणि स्वभाव असतो आणि अर्थ न कळताही वाचकाला तो जाणवतो, अशी त्यांची धारणा होती.

जून १८९६ मध्ये सानरिकू किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीत सुमारे २२,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हर्न यांनी १८५४ च्या त्सुनामीची एक कथा सांगितली. समुद्र मागे हटलेला पाहून टेकडीवरील एक वृद्ध आपल्या भाताच्या गंजी पेटवून देतो. आग विझवण्यासाठी गावकरी वर धावतात आणि वाचतात. या कथेला आधार हामागुची गोर्यो यांचा होता. प्रत्यक्षात ते तेव्हा तरुण होते आणि अंधारात लोकांना वाट दिसावी म्हणून त्यांनी पेंढा पेटवला होता. हर्न यांनी तपशील बदलले. ‘त्सुनामी’ हा शब्द मात्र तसाच ठेवला.

१९०३ मध्ये विद्यापीठातील नोकरी सुटली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विरोध केला. १९०४ साली ‘क्वाइदान’ हा त्यांचा प्रसिद्ध कथासंग्रह प्रकाशित झाला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

पुढे १९३७ पासून ही कथा जपानच्या शालेय पाठ्यपुस्तकात आली आणि मुले तिच्यातून सावधगिरी शिकली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून घोषित केला. जुन्या जपानी पंचांगानुसार हीच त्या घटनेची तिथी होय. कोणत्याही एका देशात न रुजलेल्या या माणसाने एका शब्दाला परक्या भाषेत घर मिळवून दिले. आज तोच शब्द अनेक देशांच्या किनाऱ्यांवर धोक्याची सूचना देण्यासाठी उच्चारला जातो.