ठोक्यांचा आलेख काढणारे आइंथोवेन

छातीत धडधडते म्हणून दवाखान्यात गेले की डॉक्टर आधी ईसीजी काढतात. पाच मिनिटांत हातात पडणाऱ्या या कागदामागे विलेम आइंथोवेन या डच शास्त्रज्ञाची अनेक वर्षांची मेहनत आहे.

आइंथोवेन यांचा जन्म १८६० मध्ये जावा बेटावरील सेमारंग येथे झाला. डॉक्टर असलेले वडील लवकर गेले आणि आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात आली. विलेम तिथेच डॉक्टरकी शिकले आणि वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी लायडन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमले गेले.

प्रत्येक ठोक्याला हृदयात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे तेव्हा माहीत होते. तो अचूक टिपणारे यंत्र मात्र नव्हते. आइंथोवेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणला. प्रवाह आला की धागा हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णांचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणले.

मधूनच पडणारा जादा ठोका कोणता आणि हृदयाचा तालच बिघडला आहे का, हे या आलेखांवरून वेगळे ओळखता येऊ लागले. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. आलेखातील लाटांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आजही कायम आहेत.

हा फरक आजही महत्त्वाचा आहे. जागरण, ताण किंवा जास्त चहा-कॉफीमुळे एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे बहुधा निरुपद्रवी असते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र नाडी पूर्णपणे अनियमित होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. धडधड वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. त्रास थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून शक्यतो त्रास सुरू असतानाच तो काढावा. धडधडीसोबत छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.