नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या सिल्वासाच्या आसपास सूत व कापडाचे अनेक कारखाने आहेत. तेथे राबणाऱ्या आईबापांना आठवड्याची सुटी असते. ही सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी मिळवून दिली, हे आम्हांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. घरच्या गरिबीमुळे मॅट्रिकच्या पुढे शिकता आले नाही. मुंबईस मांडवीच्या गिरणीत ते कोठीवर नोकरीस होते. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, दुपारी धड विसावा नाही, पगार थकलेला, असे कामगारांचे हाल त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुले यांचे अनुयायी असलेल्या लोखंड्यांनी १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालविले व त्यातून ही दुःखे वेशीवर टांगली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची सभा भरविली. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पंधरा तारखेच्या आत पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. त्यांच्या 'मिल हँड्स असोसिएशन'ला ना वर्गणी होती, ना नियमावली. अशा संस्थेने सहा वर्षे नेट धरला, याचेच आम्हांस नवल वाटते! २४ एप्रिल १८९० च्या सभेस दहा हजार कामगार लोटले. दोन स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९७ साली मुंबईत प्लेगने कहर केला. रोग्यांची सेवा करताना लोखंड्यांना तोच रोग जडला व ९ फेब्रुवारीस ते निवर्तले. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती.